हँडसेटवर बोला, इमारतभर ऐकवा: वाचकांचे प्रश्न, तंत्रज्ञांची उत्तरे

घोषणेचा ॲम्प्लिफायर कार्यालयातल्या कपाटाशेजारी असतो आणि ज्याला बोलायचे तो माणूस मैदानावर, फाटकापाशी नाहीतर गच्चीवर असतो. वॉकी-टॉकीवर आलेला आवाज त्या ॲम्प्लिफायरमधून कसा काढावा, अशी विचारणा करणारी पत्रे शाळा, सोसायट्या, कारखाने, मंगल कार्यालये अशा सगळीकडून आली आहेत. त्यांतल्या निवडक पत्रांना ही उत्तरे.

प्रश्न : आमच्या शाळेत प्रत्येकी ६ वॅटचे २२ भिंतीवरचे स्पीकर आणि मैदानावर ३० वॅटचे दोन भोंगे आहेत. ॲम्प्लिफायर २५० वॅटचा असून सगळे १०० व्होल्ट लाइनवर आहे. शिक्षक मैदानावरून हँडसेटवर बोलले की ते सगळीकडे ऐकू जावे, अशी सोय करायची आहे. कार्यालयात ठेवलेल्या हँडसेटच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून माइकच्या सॉकेटला लावली, तर आवाज फाटला, शब्दच कळेनात. माइकचे बटण कमी केले तरी फाटलेलाच आवाज बारीक झाला. (क्रीडाशिक्षक, सांगली जिल्हा)

उत्तर : ॲम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला प्रत्येक सॉकेटखाली बारीक अक्षरांत आकडे छापलेले असतात, ते आधी वाचा. आपल्याकडच्या बहुतेक घोषणा-ॲम्प्लिफायरवर माइकपुढे ०.६ मिलीव्होल्टच्या आसपास आणि ऑक्सपुढे (टेप, मोबाइल अशा बाहेरच्या यंत्रांसाठीचा सॉकेट) १०० मिलीव्होल्टच्या आसपास आकडा असतो. पूर्ण आवाज मिळवायला त्या सॉकेटला एवढाच सिग्नल पुरतो. हँडसेटचा स्पीकर ८ ओहमचा आणि आउटपुट अर्धा वॅट धरला, तर त्या भोकात २ व्होल्ट येतात. माइकच्या सॉकेटला जे हवे त्याच्या तीन हजार पटींहूनही हे जास्त झाले. माइकचा पहिला टप्पा आवाजाच्या बटणाच्या आधी असतो आणि सिग्नल तिथेच फाटतो. म्हणून बटण कमी केल्यावर फाटलेलाच आवाज लहान झाला.

तेव्हा माइकचा सॉकेट सोडा आणि ऑक्स वापरा. ऑक्सलाही २ व्होल्ट वीस पट जास्त आहेत. ते कमी करायला, अनावश्यक घुमारा अडवायला आणि दोन यंत्रांची अर्थिंग वेगळी ठेवायला मध्ये एक छोटी डबी बनवावी लागते. तिला लागणारे सामान असे: ३३ ओहम १ वॅटचा एक रेझिस्टर, पाव वॅटचे १० किलोओहम आणि ४७० ओहम असे दोन रेझिस्टर, ०.०४७ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर कंडेन्सर, ६०० ओहमला ६०० ओहमचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, एक आरसीए पिन, दोन मीटर शील्ड वायर (आतली तार आणि तिच्याभोवती जाळीचे वेष्टण, म्हणजे शील्ड) आणि पत्र्याची डबी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे सामान मिळते.

हँडसेटच्या बाजूसाठी दोन पिनांचा साधा इअरफोन विकत घेऊन कापणे सर्वांत सोपे. केनवूड पद्धतीच्या जोडणीत (बाजारातले बरेच चिनी हँडसेट याच पद्धतीचे असतात) २.५ मिलिमीटरची बारीक पीन स्पीकरची असते: टोकाला आवाज, मुळाशी ग्राउंड. ३.५ मिलिमीटरची जाड पीन माइक आणि बोलण्याच्या बटणासाठी असते. आपल्याला फक्त बारीक पिनेच्या या दोन तारा हव्या आहेत. जाड पिनेच्या तारा एकेक करून वेगळ्या कापा आणि प्रत्येकीवर वेगळी स्लीव्ह चढवा. इथे आळस करू नका. जाड पिनेचे मूळ आणि बारीक पिनेचे मूळ एकमेकांना टेकले, की हँडसेटला वाटते बोलण्याचे बटण दाबले आहे. मग तो प्रक्षेपण करत बसतो, त्यावर लाल दिवा लागून राहतो आणि त्या चॅनेलवर दुसऱ्या कुणालाच बोलता येत नाही. जाड पीन कापून मात्र टाकू नका. भोकात ती असली म्हणजे जोडणी हलत नाही.

इअरफोनच्या आतल्या तारांवर लाखेचा थर असतो, त्यामुळे सोल्डर नीट धरत नाही. टोक ब्लेडने खरवडा किंवा गरम सोल्डरच्या थेंबात धरून थर जाळा आणि मगच जोडा. अशा जोडण्यांतले निम्मे दोष इथले असतात. वरून जोडलेले दिसते, आत मात्र तार तुटक लागलेली असते.

आता जोडणी. स्पीकरच्या दोन तारांमध्ये ३३ ओहम आडवा लावा. हँडसेटच्या आउटपुटला थोडा भार मिळाला की तो नीट चालतो, टप्-टप् आवाज करत नाही. आवाजाच्या तारेत ०.०४७ चा कंडेन्सर आणि त्यापुढे १० किलोओहम असे ओळीने येऊ द्या. तिथून ग्राउंडला ४७० ओहम जोडा. या ४७० ओहमच्या दोन टोकांवर ट्रान्सफॉर्मरची एक बाजू जोडा. दुसऱ्या बाजूचे एक टोक आरसीए पिनेच्या मध्यभागी आणि दुसरे शील्डला जोडा. पत्र्याची डबी या शील्डलाच जोडायची, हँडसेटच्या ग्राउंडला नाही. दोन्ही ग्राउंड एकत्र केले तर ट्रान्सफॉर्मर लावून काहीच साधले नाही.

आता २ व्होल्टचे साधारण ९० मिलीव्होल्ट झाले, ऑक्सला हवे तेवढे. कंडेन्सर आणि १० किलोओहम मिळून सुमारे ३२० हर्ट्झखालचा आवाज उतरवतात. बोलणे समजायला त्याच्या खालचे फारसे लागत नाही आणि भोंग्याच्या युनिटला तर ते सोसतही नाही. ०.१ मायक्रोफॅरड लावलात तर ही सीमा दीडशे हर्ट्झवर जाईल. वर्गातल्या स्पीकरवर आवाज थोडा भरदार लागेल, पण भोंगे असतील तिथे ०.०४७ च बरा.

ऑक्सचे सॉकेट भरलेले असतील आणि माइकशिवाय पर्याय नसेल, तर याच मांडणीत १० किलोच्या जागी १०० किलोओहम आणि ४७० च्या जागी ३३ ओहम घाला. म्हणजे २ व्होल्टचे ०.६६ मिलीव्होल्ट होतील. पण एवढ्या बारीक सिग्नलवर प्रत्येक घरघर चढते, म्हणून हा दुय्यम मार्ग.

दुसऱ्या कंपनीचा हँडसेट असेल तर पिनांची मांडणी वेगळी असू शकते. अंदाजाने जोडू नका. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, दुसऱ्या हँडसेटवर कुणाला तरी लांब 'आऽऽ' करायला सांगा आणि पिनांच्या कोणत्या जोडीवर एक-दोन व्होल्ट हलतात ते पाहा. हेच मोजमाप डबी लावल्यावर ४७० ओहमवर केले तर आकडा १०० मिलीव्होल्टच्या आसपास दिसायला हवा.

आवाज लावताना मास्टर कमी ठेवा, एकच वर्ग चालू ठेवा, ऑक्स शून्यावर ठेवा. हँडसेटचा आवाज निम्म्यावर नेऊन बटणाच्या टोकावर आणि हँडसेटच्या अंगावर रंगाची खूण करा, नाहीतर सफाई करणाऱ्याचा हात लागतो आणि दुसऱ्या दिवशी 'मशीन बिघडले' म्हणून ओरड होते. मग ऑक्स हळूहळू वाढवून नेहमीच्या माइकइतकी पातळी आणा. स्पीकरच्या भाराची काळजी नको. १३२ आणि ६० मिळून १९२ वॅट होतात, म्हणजे २५० च्या ८० टक्क्यांच्या आतच.

प्रश्न : सोसायटीत जोडणी केली आणि बोलणे उत्तम ऐकू येते. पण मध्येच 'पीप' वाजते, प्रत्येक बोलण्याच्या शेवटी 'खस्स' असा आवाज येतो, रात्री दोनला इंग्रजीतून कुणीतरी बोलले आणि रविवारी भलत्याच मुलांच्या गप्पा चारही इमारतींत ऐकू आल्या. घोषणेचा पहिला शब्दही बऱ्याचदा गायब असतो. (सोसायटीचे सचिव, डोंबिवली)

उत्तर : हातातला हँडसेट पीप करतो तेव्हा कुणाचे काही बिघडत नाही. तोच हँडसेट चार इमारतींच्या स्पीकरला जोडला की त्याचा प्रत्येक आवाज ही घोषणा होते. म्हणून जोडलेला हँडसेट आधी पूर्ण गप्प करावा लागतो. त्याच्या मेनूत जाऊन बीप बंद करा, व्हॉइस बंद करा, दुहेरी चॅनेल ऐकण्याची टीडीआर सोय बंद करा, स्कॅन आणि एफएम रेडिओला हात लागणार नाही असे कीपॅड लॉक करा. रात्री दोनचा इंग्रजी आवाज बॅटरी उतरल्याची सूचना असणार. त्यावर खरा उपाय म्हणजे बॅटरीच्या जागी बसून बाहेरून वीज देणारा एलिमिनेटर. महिनोन्महिने चार्जरमध्ये चालू ठेवलेला हँडसेट काही काळाने बॅटरी फुगवतो. लिथियम बॅटरी फुगलेली दिसली तर ती त्याच क्षणी काढा.

बोलण्याच्या शेवटचा 'खस्स' म्हणजे समोरच्याने बटण सोडल्यापासून तुमचा हँडसेट गप्प होईपर्यंतचा रिकाम्या हवेचा आवाज. तो घालवायला सगळ्या हँडसेटवर एकच सीटीसीएसएस टोन (बोलण्याबरोबर जाणारा ओळखीचा सूर; तो असेल तरच हँडसेट आवाज ऐकवतो) ठेवा आणि एसटीई ही शेवटचा 'खस्स' दाबणारी सोय दोन्हीकडे चालू करा. 'रॉजर' नावाची शेवटची पीप बोलणाऱ्याच्या हँडसेटवरून येते, ती तिथे बंद करायची. टोन लावल्यावर शेजारच्या मुलांच्या गप्पाही बहुतेक थांबतील. पण त्यांनी योगायोगाने तोच टोन निवडला तर त्या पुन्हा येतील. टोन म्हणजे कुलूप नव्हे, त्याने फक्त चुकून होणारी घुसखोरी टळते.

चार इमारतींसाठी आमचा आग्रह असा: रोजच्या बोलण्याचा चॅनेल वेगळा ठेवा आणि घोषणेचा वेगळा. रखवालदार 'चहा पाठव' म्हणाला की ते सगळ्या घरांत जाता कामा नये. त्याहून पक्का बंदोबस्त हवा असेल तर एमटी ८८७० ही डीटीएमएफ टोन (कीपॅडवरच्या अंकांचे आवाज) ओळखणारी चिप आणि एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्या. डबी आणि ऑक्स यांच्यामध्ये रिले (विजेने चालणारा स्विच) बसवा. बोलणाऱ्याने बटण दाबून धरून कीपॅडवर तीन-चार अंकांचा ठरलेला कोड दिला की रिले तीस सेकंद लागेल आणि मग सुटेल. कोडचे टोन वाजतात तेव्हा रिले लागलेला नसतो, त्यामुळे ते स्पीकरवर येत नाहीत. ज्यांच्याकडे कीपॅडचा हँडसेट आहे आणि ज्यांना कोड माहीत आहे तेच घोषणा करू शकतील.

पहिला शब्द हरवण्याची दोन कारणे आहेत. बॅटरी वाचवण्यासाठी ऐकणारा हँडसेट मधूनमधून झोपतो आणि सिग्नल आला की जागा होतो. मेनूतले 'सेव्ह' बंद केले की हे थांबते. दुसरे कारण म्हणजे टोन ओळखायला लागणारा थोडा वेळ. तो कुठल्याही मेनूने जात नाही, म्हणून बटण दाबून मनात 'एक' म्हणायचे आणि मग बोलायचे. हे वाक्य लिहून हँडसेटच्या पाठीवर चिकटवा.

प्रश्न : हँडसेट बॅटरीवर असतो तेव्हा आवाज स्वच्छ असतो, अडॅप्टर लावला की सतत घरघर येते. शिवाय ॲम्प्लिफायरजवळ उभे राहून कुणी दुसऱ्या हँडसेटवर बोलले की स्पीकरमधून जोरात भर्र्र असा आवाज निघतो. (देखभाल विभाग, औद्योगिक वसाहत, वाळूज)

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत, एकच उपाय शोधू नका.

अडॅप्टर लावल्यावर येणारी घरघर दोन यंत्रांची अर्थिंग दोन वाटांनी जोडली गेल्याची खूण आहे. मध्ये ट्रान्सफॉर्मर नसेल तर तो घाला. सुटा ट्रान्सफॉर्मर मिळत नसेल तर गाडीच्या म्युझिक सिस्टीमसाठी मिळणारा ग्राउंड लूप आयसोलेटर चालतो, त्यात असे दोन ट्रान्सफॉर्मर तयारच असतात आणि दोन्ही बाजूंना पिना बसवलेल्या असतात. ॲम्प्लिफायरची अर्थिंगची पीन काढून घरघर घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. धातूची पेटी आणि १०० व्होल्टची लाइन असलेल्या यंत्राची अर्थिंग काढणे म्हणजे हात लावणाऱ्याच्या जिवाशी खेळणे. ट्रान्सफॉर्मर घातल्यावरही बारीक शिट्टीसारखा आवाज उरला तर तो स्वस्त अडॅप्टरचा आहे, चांगल्या प्रतीचा बदलून पाहा.

भर्र्र असा आवाज मात्र हवेतून येतो. जवळच्या हँडसेटची रेडिओ लहर माइकच्या आणि ऑक्सच्या वायरींवर बसते, ॲम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्यात तिचे ऑडिओत रूपांतर होते आणि ते पुढे वाढत जाते. न वापरलेल्या माइकच्या सॉकेटांची बटणे शून्यावर आणा, लोंबणाऱ्या लांब माइक वायरी काढून ठेवा, ऑक्सच्या वायरीवर ॲम्प्लिफायरच्या अगदी तोंडाशी फेराइट क्लिप (रेडिओ लहर अडवणारे कडे) लावून वायर तिच्यातून दोन-तीन वेढे घ्या आणि आरसीए पिनेच्या आत मध्य आणि शील्ड यांच्यामध्ये १००० पिकोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर जोडा. एवढ्यावरही थोडे उरले तर ॲम्प्लिफायरपासून तीन मीटरच्या आत कुणी हँडसेटचे बटण दाबू नये, असा नियम लावा. जोडलेल्या हँडसेटवरून तर कधीच बोलू नका. त्याचे काम फक्त ऐकण्याचे.

प्रश्न : आमच्या मंगल कार्यालयात गाडीत बसवतात तसला परवानाधारक वायरलेस सेट आहे. त्याच्या बाहेरच्या स्पीकरच्या जॅकमधली एक तार ॲम्प्लिफायरच्या शील्डला आणि दुसरी ऑक्सला लावली. क्षणभर आवाज आला, मग सेट मुका झाला. दुरुस्तीवाला म्हणतो ऑडिओची आयसी गेली. (व्यवस्थापक, सातारा)

उत्तर : बऱ्याच वाहन-सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा 'जिवंत' असतात, एकही ग्राउंड नसते. दोन छोटे ॲम्प्लिफायर एकमेकांच्या उलट चालवून स्पीकर मध्ये धरलेला असतो, कारण त्यामुळे १२ व्होल्टवर जास्त वॅट मिळतात. अशी एक तार शील्डला लावली की अर्धा ॲम्प्लिफायर थेट ग्राउंडला शॉर्ट होतो आणि आयसी जळते. तुमच्या सेटचे नेमके हेच झाले.

ओळखायचे कसे? सेट चालू करून, कुणी बोलत नसताना, प्रत्येक स्पीकर-तार आणि सेटची धातूची पेटी यांच्यामध्ये डीसी व्होल्ट मोजा. दोन्ही तारांवर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट दिसले तर तो या जातीचा सेट. वर दिलेली डबी इथेही चालते, पण त्यात ट्रान्सफॉर्मर सक्तीचा आणि ट्रान्सफॉर्मरच्या सेटकडच्या बाजूची एकही तार पेटीला किंवा शील्डला लागता कामा नये. वाहन-सेटचा आउटपुट तीन-चार वॅटचा असतो, म्हणून ३३ ओहमचा रेझिस्टर १ ऐवजी ५ वॅटचा घ्या आणि सेटचा आवाज कमीच ठेवा.

अशा सेटच्या मागच्या मोठ्या कनेक्टरवर अनेकदा कमी पातळीचा, आवाजाच्या बटणावर अवलंबून नसलेला ऑडिओ आणि सिग्नल आल्याची खूण देणारी पीन असते. सेटच्या पुस्तिकेत ती असेल तर तीच वापरा. खुणेच्या पिनेवर ट्रान्झिस्टरने रिले चालवला, तर घोषणा आली की सनईचे रेकॉर्डिंग आपोआप बंद होईल आणि घोषणा संपली की परत सुरू होईल.

प्रश्न : उलट दिशेने करता येईल का? वसतिगृहाच्या कार्यालयातली माइकवरची घोषणा रक्षकांच्या हँडसेटवरही जायला हवी. (वसतिगृह अधीक्षक, नागपूर)

उत्तर : येईल, पण यासाठी दुसरा हँडसेट आणि दुसरा चॅनेल लागेल. एकाच चॅनेलवर एक हँडसेट ऐकून ॲम्प्लिफायरला देतो आणि दुसरा ॲम्प्लिफायरकडून घेऊन त्याच चॅनेलवर पाठवतो, असे झाले तर आवाज गोल फिरत राहतो आणि दोन्ही अडकून बसतात.

ॲम्प्लिफायरच्या लाइन आउटवर (दुसऱ्या यंत्राला आवाज देणाऱ्या सॉकेटवर) एक व्होल्टच्या आसपास सिग्नल मिळतो, हँडसेटच्या माइकला दहाएक मिलीव्होल्ट पुरतात. म्हणून १०० किलोओहम ओळीत आणि १ किलोओहम आडवा लावा, त्याआधी ट्रान्सफॉर्मर ठेवा. माइकच्या पिनेवर हँडसेट स्वतःचा थोडा डीसी देत असतो, तो खाली ओढला जाऊ नये म्हणून १ किलोओहमपासून माइकच्या पिनेपर्यंत १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घाला. केनवूड पद्धतीत माइक जाड पिनेच्या मधल्या कड्यावर असतो आणि त्याचे परतीचे टोक त्याच पिनेच्या मुळाशी.

बटण दाबण्याचे काम व्हॉक्सवर (आवाज आला की आपोआप प्रक्षेपण सुरू करणाऱ्या सोयीवर) सोपवू नका. व्हॉक्स आवाज ऐकल्यावर जागा होतो, म्हणजे 'आग लागली आहे' मधला 'आग' तोच खातो. शिवाय लाइन आउटवर सकाळची प्रार्थना आणि भक्तिगीतेही येतात, ती अर्धा तास हँडसेटवर वाजत राहतील. माइकच्या टेबल-स्टँडवरच्या बटणाला जास्तीचा संपर्क असेल तर त्यावर छोटा रिले चालवा आणि रिलेने जाड व बारीक पिनांची मुळे जोडा. माइकचे बटण दाबले तरच प्रक्षेपण होईल. हँडसेटचा टाइम-आउट ६० सेकंदांवर ठेवा, म्हणजे बटण अडकून राहिले तरी चॅनेल मोकळा होईल.

प्रश्न : भोंग्याखाली उभे राहून हँडसेटवर बोलले की कानठळ्या बसवणारी शिट्टी येते. (क्रीडामंडळ, कोल्हापूर)

उत्तर : भोंग्याचा आवाज पुन्हा तुमच्याच हँडसेटच्या माइकमध्ये शिरतो. तोंड माइकपासून तीन ते पाच सेंटीमीटरवर आणा आणि आवाज चढवू नका, भोंग्याच्या तोंडासमोर न थांबता त्याच्या पाठीमागे जा, आणि ऑक्स थोडा कमी करा. जवळ आणले की तुमचा आवाज वाढतो पण भोंग्याचा वाढत नाही, म्हणून अंतराचा उपाय सर्वांत जास्त उपयोगी. डिजिटल हँडसेट वापरत असाल तर शिट्टीऐवजी आपलेच शब्द उशिराने परत ऐकू येतील आणि बोलणारा अडखळेल. उपाय तोच.

प्रश्न : या सगळ्याला परवानगी लागते का? (अनेक वाचक)

उत्तर : दोन वेगवेगळ्या गोष्टींना लागते. वॉकी-टॉकींमध्ये ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातलेच हँडसेट परवान्याशिवाय वापरता येतात आणि तेही उपकरणाला मान्यता असेल तर. खरेदी करताना बिलावर आणि खोक्यावर वारंवारिता आणि मान्यतेचा क्रमांक पाहून घ्या. हव्या त्या वारंवारितेवर लावता येणारे स्वस्त हँडसेट ऑनलाइन सहज दिसतात, पण परवान्याशिवाय ते वापरणे बेकायदा आहे आणि त्यांमुळे पोलीस, अग्निशमन अशा सेवांच्या संदेशांत अडथळा येऊ शकतो. इतर पट्ट्यांसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून परवाना घ्यावा लागतो.

दुसरी बाजू भोंग्यांची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो वापरता येत नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या परिसरासाठी ठरवलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी त्याहून वर जाऊ नये. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला जाऊ शकतो. म्हणून मैदानावरचे भोंगे आणि वर्गातले स्पीकर वेगवेगळ्या झोनवर घ्या. वर्गात घोषणा करायची तर भोंगे चालू असण्याचे कारण नाही.

इमारतीत आग लागल्यास बाहेर पडण्याच्या सूचना देणारी स्वतंत्र, मंजूर यंत्रणा असेल, तर तिच्या ॲम्प्लिफायरला वर लिहिलेली डबी लावू नका. तिच्या तारांवर सतत देखरेख चालू असते, बाहेरची जोडणी झाली की ती दोष दाखवते आणि प्रत्यक्ष आगीच्या वेळी आपला हँडसेट तिची सूचना झाकून टाकू शकतो. अशा यंत्रणेत बाहेरून आवाज देण्यासाठी कमी प्राधान्याचा इनपुट आहे का, हे ती बसवणाऱ्यालाच विचारा आणि जोडणीही त्याच्याकडूनच करून घ्या.

प्रश्न : आमचा ॲम्प्लिफायर तळघरात लोखंडी कपाटात आहे. तिथे हँडसेटला सिग्नलच येत नाही. (रुग्णालयाचा विद्युत विभाग, नाशिक)

उत्तर : लोखंडी कपाटात ठेवलेला हँडसेट बंद दाराआडचाच. परवानामुक्त सेटची अँटेना बहुधा पक्की बसवलेली असते, त्यामुळे अँटेना वर नेण्याऐवजी सेटच वर न्या: वरच्या मजल्यावर, खिडकीजवळ, लिफ्टच्या मोटरपासून दूर. तिथून आवाज खाली आणायला नेटवर्कच्या केबलमधली पिळाची एक जोडी पुरते, तीस-चाळीस मीटरला काही अडचण नाही.

अशा जोडणीत सिग्नल मोठा असतानाच खाली पाठवा आणि कमी करायचे काम ॲम्प्लिफायरपाशी करा. म्हणजे ३३ ओहम वर हँडसेटपाशी, आणि कंडेन्सर, १० किलोओहम, ४७० ओहम, ट्रान्सफॉर्मर ही सगळी डबी खाली ऑक्सला लागून. वाटेत केबलवर जी घरघर चढेल तीही सिग्नलबरोबर वीस पट कमी होईल. ही केबल १०० व्होल्टच्या स्पीकर लाइनच्या पाइपातून नेऊ नका. समांतर जावे लागले तर निदान एक फूट अंतर ठेवा आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. स्पीकर लाइनचा आवाज ऑक्सच्या केबलवर उतरला तर ॲम्प्लिफायर स्वतःच शिट्टी मारायला लागतो आणि दोष हँडसेटचा आहे असे समजून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.